सात नंबरची जागा

"डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर गाठ आहे. लिंबाएवढी. हळू वाढणारी आहे, पण वाढणारी आहे. कवटी उघडून काढावी लागेल आणि तेव्हा तुम्हाला जागं ठेवावं लागेल. बोलण्यावर परिणाम होऊ शकतो. हे सगळं आईंना नीट समजावून सांगा," डॉ. चिंचाळकर म्हणाले.

मी अम्माकडे वळलो आणि तेलुगूत सांगितलं, "डोक्यात थोडी सूज आहे म्हणतात."

अम्माने डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ते एवढं बोलले आणि तुझं एवढ्यात संपलं?"

"मराठीला जागा जास्त लागते, अम्मा."

मला राग यायला सुरुवात झाली ती तिथून. ज्याच्या डोक्यात गाठ, त्यानेच ती बातमी घरी पोचवायची. पुण्यातल्या त्या हॉस्पिटलात लिफ्टचं बटण दाबायला माणूस होता, चपलांवर निळ्या पिशव्या चढवायला माणूस होता. एका बाईला तिच्या मुलाचं काय होणार हे तिच्या भाषेत सांगायला त्या घटकेला तरी कोणी नव्हतं. होतो तो मी, आणि माझ्या तर डोक्यातच बिघाड होता.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली विणकर. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. वडील यंत्रमागावर होते, ते मी लहान असतानाच गेले. अम्मा, म्हणजे नरसम्मा येमुल, विड्या वळते. तिची मराठी भाजी आणि भांडण यांच्यापुरती, आणि दोन्ही एकाच मंडईत होत असल्यामुळे तिचं कधी अडलं नाही. बाकी बँक, रेशन, दवाखाना, विजेचं ऑफिस हे सगळं चौथीपासून माझ्याकडे. माझं नाव मार्कंडेय. आमच्या समाजाच्या मूळपुरुषाचं नाव. तो सोळाव्या वर्षी मरणार होता आणि महादेवाच्या पिंडीला मिठी मारून वाचला. मी चोविसाव्या वर्षी चादरींच्या ढिगावर पडून वाचलो.

चादरींच्या दुकानात कामाला होतो. मालक मराठी, गिऱ्हाईक तेलंगणातलं, आणि मधे मी. त्या दिवशी करीमनगरच्या व्यापाऱ्याला फोनवर भाव सांगताना अचानक मी शेठशी तेलुगूत आणि व्यापाऱ्याशी मराठीत बोलायला लागलो. शेठ हसले. मी रोजच काहीतरी नाटक करत असल्यामुळे त्यांना हेही त्यातलंच वाटलं. मग माझा उजवा हात उडायला लागला, तेव्हाही ते हसतच होते. पडलो तेव्हा म्हणे टाळ्या वाजवल्या.

डॉ. चिंचाळकरांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला. आदल्या दिवशी मला मशिनीत झोपवून कानात वाक्यं ऐकवली होती आणि मनातल्या मनात त्यांचं भाषांतर करायला लावलं होतं. त्याचे रंगीत फोटो होते.

"हे बघा, नुसतं मराठी बोलताना एवढा भाग काम करतो. नुसतं तेलुगू बोलताना हा. आणि हे भाषांतर करताना." डॉक्टरांचा आवाज एकदम हौशी झाला. "सगळा परिसर उजळलाय. एक भाषा ऐकायची, दुसरी तयार करायची, पहिलीला तोंडात येण्यापासून अडवायचं, सगळं एकाच वेळी. मेंदूला याच्याइतकं राबवणारी कामं थोडी असतात."

"पगार बघितला तर वाटत नाही, सर."

ते हसले नाहीत. उजळलेल्या भागाच्या मधोमध काळा गोळा होता. जिथे माझं रोजचं काम चालायचं, नेमकी तिथेच गाठीने टपरी टाकली होती.

"आता मुख्य प्रश्न," डॉक्टर म्हणाले. "गाठ पूर्ण काढायला गेलो तर एखाद्या भाषेला धक्का बसू शकतो. थोडी ठेवली तर ती पुन्हा वाढू शकते. तुम्हाला यातली कुठली भाषा जास्त महत्त्वाची?"

आजवर मला कोणी तुमचा कुठला डोळा जास्त महत्त्वाचा असं विचारलं नव्हतं. भाषेचं मात्र दोन भाडेकरूंपैकी कोणाला खोली सोडायला सांगू, अशा सुरात चाललं होतं.

"कमाई कुठल्या भाषेत होते?" त्यांनी मदत म्हणून विचारलं.

"दोन्हींच्या मधल्या जागेत, सर."

"काय म्हणतात?" अम्माने मला कोपराने ढोसलं.

"त्या दिवशी सकाळी उपाशी या म्हणतात."

दुपारी मला वाचातज्ज्ञ श्रीलता कुलकर्णी यांच्याकडे पाठवलं. माहेर हैदराबादचं, सासर पुण्याचं. त्यांच्याकडे चित्रांची एक चळत होती. ऑपरेशनच्या वेळी हीच चित्रं दाखवणार, म्हणून आधी कुठली ओळखता येतात ते बघायचं. मराठीत मी सगळी ओळखली. मग त्या म्हणाल्या, "आता तेलुगूत," आणि पहिलं चित्र धरलं.

"घड्याळ."

"तेलुगूत सांगा."

"हे तेलुगूच आहे, मॅडम. आमच्या घरी घड्याळच म्हणतात."

"गडियारम्," त्या म्हणाल्या आणि कागदावर फुली मारली.

"आमच्या घरी कोणी गडियारम् आला म्हणून सांगितलं, तर अम्मा त्याला पाणी देईल. पाहुणा समजून."

पुढचं चित्र छत्रीचं. मी छत्री म्हणालो. फुली. चावी. फुली. एका फुलीनंतर मी विचारलं, "मॅडम, पाच पिढ्या आम्ही सोलापुरात आहोत. तेवढ्यात शब्द इकडचे तिकडे होणार नाहीत का?"

"मी नियमाप्रमाणे तपासते," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता, पेन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉ. चिंचाळकरांनी तो कागद बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे सोपं झालं की. तुमची तेलुगू गाठीमुळे आधीच खराब झालेली दिसते. निम्मे शब्द जात आहेत. मग आपण मराठी सांभाळू आणि त्या बाजूला मोकळेपणाने काढू."

मी खुर्चीवरून उठलो. मला चक्कर येते म्हणून उठायची बंदी होती.

"सर, ती गाठ नाही. ते सोलापूर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे गाठ काढली तरी मी घड्याळच म्हणणार. मी काय, अख्खा पूर्व भाग म्हणणार. तुमच्या हिशेबाने सगळ्यांच्याच डोक्यात गाठ आहे, सगळ्यांना आणा पुण्याला. माझ्या भाषेला पास-नापास करणाऱ्या मॅडम कोण? त्यांनी आमच्या अम्माची परीक्षा घेतली तर ती चालू असतानाच तिला अतिदक्षता विभागात हलवतील!"

श्रीलता मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. कान लाल झाले, पण बोलल्या त्या मुद्द्याचं. "सर, ते बरोबर असू शकतात. चित्रं सोडून द्या. यांच्या घरची भाषा ज्यांना येते त्यांनीच बोलावं आणि यांनी त्याचं मराठी करावं. रोज करतात तेच."

"कोणाला येते?"

तिघांनीही दाराबाहेर बाकावर बसलेल्या अम्माकडे बघितलं. ती हॉस्पिटलच्या मासिकातली चित्रं बघत होती आणि प्रत्येक चित्रातल्या बाईच्या साडीला नावं ठेवत होती.

ऑपरेशनच्या दिवशी मला मधेच जागं केलं तेव्हा डोकं तीन खिळ्यांत पक्कं होतं. दुखत काही नव्हतं. मेंदूला दुखणं कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सगळ्या अंगाचं दुखणं ज्याच्याकडे जातं त्याला स्वतःचं कळत नाही, या गोष्टीचाही मला त्या वेळी राग आला.

पद्धत अशी होती. डॉक्टर मेंदूच्या एकेका जागेला हलकासा करंट लावणार. मी त्या वेळी बोलत राहायचं. करंट लागल्यावर माझं बोलणं अडखळलं तर ती जागा बोलण्याच्या कामाची. तीनदा लावून तीनदा चुकलं की तिथे नंबराची चिठ्ठी ठेवायची आणि त्या जागेला हात लावायचा नाही. नाही चुकलं, तर तिथली गाठ काढून टाकायची. श्रीलता मॅडम माझ्या तोंडासमोर स्टुलावर. त्यांनी फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचं.

अम्मा शेजारच्या खोलीत. तिच्यासमोर माइक होता आणि तिचा आवाज माझ्या डोक्यापाशी ठेवलेल्या स्पीकरमधून येणार होता. माझा आवाज तिकडे जात नव्हता. तिने घरातली साधी वाक्यं बोलायची, असं मॅडमनी तिला सकाळी समजावलं होतं. पुन्हा बोलायला सांगणारा एक लाल दिवा होता. तो लागला की तेच वाक्य परत. माइकची तिला भीती नव्हती. विडी कामगारांच्या मोर्चात तिने कलेक्टर कचेरीसमोर घोषणा दिलेल्या होत्या.

"मी सकाळी चहा केला," स्पीकरमधून अम्मा तेलुगूत ओरडली.

"मी सकाळी चहा केला," मी मराठीत म्हणालो.

"बरोबर."

"शेजारच्या कोंडाबाईने नळाला मोटर लावली. सगळ्या गल्लीचं पाणी ओढते ती बया."

मी केलं. बयासकट. "बरोबर."

असं बराच वेळ चाललं. आकडे म्हणताना एका जागी माझी जीभ सहावर अडकली, तिथे चिठ्ठी गेली. एका जागी कोंडाबाईचं नाव घेतलं आणि पुढे सगळी वाफ. तिथे चिठ्ठी. सहा चिठ्ठ्या झाल्या. डॉक्टर खूश होते.

मग अम्मा हळू आवाजात म्हणाली, "मार्कंडा, सूज म्हणालास ना रे मला?"



"थांबले," मॅडम म्हणाल्या.

"करंट?" डॉक्टरांनी मशिनीवरच्या माणसाला विचारलं.

"बंद होता, सर."

"मग का थांबले?"

मॅडमनी मान खाली घातली. तेव्हा मला कळलं. सकाळी माइक समजावताना मॅडमनी अम्माला सगळंच सांगितलं होतं. गाठ, लिंबू, दोन भाषा, कुठलीतरी एक. मी इतक्या मेहनतीने झाकलेलं.

"जे येईल त्याचं भाषांतर करत राहा, मार्कंडेय," डॉक्टर म्हणाले. "मजकूर महत्त्वाचा नाही."

"मार्कंडा, सूज म्हणालास ना रे मला," मी मराठीत म्हणालो.

"बरोबर."

"चौथीत होता तेव्हापासून हा मला लोक काय बोलतात ते सांगतो," अम्माचा आवाज आता चढायला लागला. "मला वाटायचं, मी लोकांचं ऐकतेय. निम्मं हा मधल्यामधे खात होता!"

मी केलं. "बरोबर."

"विड्यांच्या कारखान्यातला मुकादम मला काय बोलला ते याने कधी सांगितलं नाही. बँकेतली बाई काय बोलली ते सांगितलं नाही. मला काय वाटतं, त्यांची तोंडं मला दिसत नव्हती?"

"बरोबर."

आईच्या शिव्यांना एवढी तज्ज्ञ मान्यता मिळालेला मुलगा दुसरा नसेल. आणि मी चिडलो होतो. मुकादम काय बोलला होता ते मला माहीत होतं. मी दहा वर्षांचा होतो. ते कुठल्या तोंडाने तिला सांगायचं होतं? पण माणसाचं डोकं तीन खिळ्यांत असलं की त्याला रागाने मानसुद्धा झटकता येत नाही.

"आता इथे बघू," डॉक्टर म्हणाले. "ही महत्त्वाची जागा आहे. गाठीचा शेवटचा मोठा भाग इथे आहे. करंट चालू."

"डॉक्टरसाब," अम्मा म्हणाली. आता ती माझ्याशी बोलत नव्हती. "दोनातली एक जाणार असेल तर तेलुगू जाऊ द्या. मराठीत त्याचं पोट भरेल. माझ्याशी बोलायला त्याला ती किती दिवस लागणार आहे? मी खुणांनी भागवीन. पण गाठ ठेवू नका. तेलुगू कापा."

श्रीलता मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "आई म्हणते, दोन्ही ठेवा."

मॅडमचे ओठ हलले, पण आवाज थोडा उशिरा आला. "चूक."

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले. तिकडे लाल दिवा लागला असणार.

"ऐकू आलं नाही का तुम्हाला?" अम्मा गरजली. "तेलुगू कापा म्हणते मी! घरात मी एकटीच ती बोलते. मी मेल्यावर तिचं काय लोणचं घालायचंय? पूर्ण गाठ काढा!"

मला इतका संताप आला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टरला विचारायचा काही हक्क होता, तो निदान परका होता. ही कोण? ज्या भाषेत हिने मला पाळण्यात घातलं ती हिने स्वतःच भाजी टाकावी तशी तराजूत टाकली होती, आणि माझ्याच तोंडून हा सौदा ठरवायला निघाली होती.

"आई म्हणते, घाई करू नका. सावकाश होऊ द्या."

"चूक."

"पुन्हा."

तिसऱ्यांदा अम्मा ओरडली नाही. "बिड्डा," ती म्हणाली, म्हणजे बाळा, "एवढं एक तरी माझं पूर्ण सांग रे डॉक्टरला."

स्पीकरमधून तिचा श्वास ऐकू येत होता.

"आई विचारते," मी म्हणालो, "तुमचा चहा झाला का?"

मॅडमनी डोळे मिटले. "चूक."

"तीनपैकी तीन!" डॉक्टर म्हणाले. ते माझ्या मागे असल्यामुळे चेहरा दिसत नव्हता, पण आनंद ऐकू येत होता. "बोलणं सुरळीत, वाक्यरचना सुरळीत, आणि भाषांतर मात्र पूर्ण भलतंच. इतका स्वच्छ प्रतिसाद मी आजवर बघितला नाही. ही जागा सोडा. सात नंबर लावा."

आठवड्याभराने श्रीलता मॅडम वॉर्डात आल्या. माझ्या डोक्याला पट्टी, अर्धी हजामत, समोर पेज. त्यांनी पहिलं चित्र धरलं.

"घड्याळ," मी तेलुगूत म्हणालो.

त्यांनी बरोबरची खूण केली. चळत बाजूला ठेवली. "सात नंबरला काय झालं होतं?"

"करंट चालू होता, मॅडम. तुम्ही सगळे जागे होतात. माझंच डोकं उघडं होतं. मला काय विचारता?"

"मार्कंडेय, तिथे गाठीचा तुकडा राहिलाय. ती जागा खरंच लागते की नाही, हे सरांना कळायला हवं. तुम्ही मुद्दाम बोलला असाल तर मला सांगावं लागेल. ते पुन्हा उघडून बघू शकतात."

"तुम्ही अम्माचं ऐकलंत ना? तिसऱ्यांदा काय म्हणाली ते, आणि त्याच्या आधीचं? सगळं?"

"हो."

"तुमचीच भाषा. तुम्हाला तर सगळे शब्द शुद्ध येतात. करा त्याचं मराठी. मोठ्याने. तुमच्या डोक्याला कोणी करंट लावलेला नाही."

त्या ताठ बसल्या. मला वाटतं, त्यांनाही राग आला होता. "डॉक्टरसाहेब," त्या मराठीत म्हणाल्या, "दोनातली एक जाणार असेल तर..."

पुढे काही आलं नाही. त्या पुन्हा "दोनातली एक" पर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांची आई हैदराबादला एकटी असते, हे मला नंतर कळलं.

"थांबल्या," मी म्हणालो. "करंट?"

त्या उठायच्या आत दार उघडलं. डॉ. चिंचाळकर पुढे आणि मागे अम्मा. पहिले काही दिवस मला बोलू देत नव्हते, म्हणून ऑपरेशननंतर मी तिच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. तिने येताना माझ्याशी बोलण्यासाठी खुणांची तयारी केलेली दिसत होती. दारातूनच तिने हाताची पाची बोटं तोंडाकडे नेली. जेवलास का?

"जेवलो, अम्मा," मी तेलुगूत म्हणालो. "पेज होती. बेचव."

तिचा हात तोंडापाशीच राहिला. क्षणभर तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही. मग ती गर्रकन डॉक्टरांकडे वळली.

"म्हणजे तुम्ही ऐकलंच नाही! घसा फोडून सांगितलं, एकदा नाही, तीनदा! तेलुगू आहे तशीच आहे याची! मग गाठ पण ठेवली असणार! डॉक्टर झालात तरी आईचं ऐकायचं कोणी शिकवलं नाही तुम्हाला?"

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"तुमचे आभार मानतायत, सर."

डॉक्टरांनी अम्माच्या वळलेल्या मुठीकडे बघितलं. "इतक्या जोरात?"

"आमच्याकडे असेच मानतात."

त्यांचं समाधान झालं नाही. सात नंबर त्यांनी स्वतःच लावला होता. माझ्या भाषांतरावर भरवसा ठेवायचं त्यांना काही कारण नव्हतं. ते मॅडमकडे वळले. "श्रीलता, बरोबर आहे हे?"

श्रीलता मॅडमच्या हातात पेन होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अम्माकडे बघितलं, बराच वेळ.

"अगदी बरोबर, सर," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना एकदम भरून आल्यासारखं झालं. ते अम्मासमोर वाकले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

अम्माची मूठ सैल झाली. तिने त्यांना खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"बघ," ती मला म्हणाली, "चूक कळलीय त्याला. मोठा माणूस आहे, हात जोडतोय. आता तू काही बोलू नकोस त्याला. आणि चहाचं विचार."

"अम्मा विचारते," मी मराठीत म्हणालो, "तुमचा चहा झाला का?"